सेल, चार्जर आणि धारेवर बंद पडलेलं जीपीएस

धुकं इतकं दाटलं होतं की पुढे चालणारी मैत्रीण दहा पावलांवर दिसेनाशी होत होती. आम्ही डोंगराच्या धारेवर होतो आणि नेमकं तेव्हाच हातातलं वाट दाखवणारं जीपीएस बंद पडलं. पिशवीतली सेलची दुसरी जोडी काढून घातली. पडदा उजळला, नकाशा उमटायला लागला आणि पुन्हा काळाकुट्ट.

"अगं, सेल चार्ज केले होतेस ना?"

केले होते. तीन आठवड्यांपूर्वी, चारही एकदम, चार्जरचा हिरवा दिवा लागेपर्यंत. सेलवर ठळक आकड्यांत २७०० एमएएच (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) छापलेलं होतं आणि त्या आकड्याच्या भरवशावर मी निर्धास्त होते. कागदी नकाशा आणि होकायंत्र सोबत होतं म्हणून आम्ही धारेवरून नीट उतरलो, पण उतरताना पोटात सतत गोळा होता. वाट चुकली असती तर सोबतचीही माझ्यामुळेच अडकली असती.

घरी आल्यावर पहिलं काम व्होल्टेज मोजणारा मल्टिमीटर काढण्याचं केलं. यंत्रात आधी घातलेल्या जोडीतला एक सेल १.२२ व्होल्ट दाखवत होता, दुसरा ०.८७. एकाच दिवशी विकत घेतलेले, एकत्रच चार्ज केलेले सेल, आणि त्यांच्यात इतकी तफावत! तिथून पुढचे दोन-तीन महिने मी या विषयाच्या मागेच लागले.

सगळ्यात आधी कळलं ते असं की साधे निकेल-मेटल हायड्राइड सेल (माझे पुन्हा चार्ज होणारे सेल याच प्रकारचे) नुसते ठेवले तरी उतरत जातात. महिन्याभरात वीस-तीस टक्के जाणं त्यांच्या बाबतीत नेहमीचंच, आणि जुन्या, जास्त क्षमतेच्या सेलमध्ये याहूनही अधिक जातं. म्हणजे तीन आठवडे कप्प्यात पडलेली माझी जोडी निघतानाच बरीच उतरलेली होती. पण एवढ्याने बिघाडाचा उलगडा होत नव्हता, कारण दोन्ही सेल सारखे उतरायला हवे होते.

खरा दोष चार्जरमध्ये निघाला. तो दोन-दोन सेल जोडीनेच चार्ज करायचा आणि ठरावीक तास झाले की हिरवा दिवा लावायचा. आत गेलेला सेल अर्धा भरलेला आहे की पूर्ण रिकामा, हे त्याला कळतच नव्हतं. अर्धा भरलेला सेल उगाच तापत राहायचा, रिकामा अर्धवटच सुटायचा. असं वर्षभर चाललं की जोडीतला एक सेल मागे पडतो. मग यंत्रात दोघे एकामागे एक जोडलेले असताना कमकुवत सेल आधी संपतो आणि धडधाकट सेल त्याच्यातून प्रवाह ढकलत राहतो. वेळेत बंद केलं नाही तर रिकाम्या सेलची धन-ऋण टोकं उलटी होतात. एकदा असं झालं की तो सेल पूर्ववत होणं कठीण.

सेल निवडण्याआधी बाकीचे पर्यायही तपासले. अल्कलाइन सेल कुठेही मिळतात, पण ते एकदाच वापरायचे, थंडीत मंदावतात आणि जास्त प्रवाह ओढणाऱ्या यंत्रात छापील क्षमतेच्या निम्मेही चालत नाहीत. शिवाय गळतात. माझ्या एका टॉर्चमध्ये विसरून राहिलेल्या सेलमधून पांढरी भुकटी बाहेर आली होती. ती पोटॅशियम हायड्रॉक्साइडची करामत. हातमोजे घालून, कापसावर थोडं व्हिनेगर घेऊन पुसली, पण स्प्रिंग खाल्ली गेली ती गेलीच. एकदाच वापरायचे लिथियम सेल मात्र मला मनापासून आवडले. डबल ए आकाराचा सेल जेमतेम १५ ग्रॅम भरतो (निकेलवाला २७च्या आसपास), उणे ४० अंशांपर्यंत काम करतो आणि दहा वर्षं सहज टिकतो. रोज वापरायला ते नकोत, पण त्यांची एक जोडी मी प्रथमोपचाराच्या डबीत कायमची ठेवली आहे.

१.५ व्होल्टचे चार्जेबल लिथियम-आयन सेलही आणून पाहिले. त्यांच्या आत एक छोटं सर्किट असतं, ते मूळ व्होल्टेज उतरवून शेवटपर्यंत १.५ देत राहतं. वाचायला छान वाटतं. प्रत्यक्षात जीपीएसवर बॅटरीची खूण तासन् तास भरलेली दिसली आणि मग कसलीही सूचना न देता यंत्र बंद. ज्या प्रसंगातून मी नुकतीच गेले होते, तोच पुन्हा. छोट्या रेडिओत घातले तर त्या सर्किटची बारीक घरघर ऐकू यायला लागली. शिवाय त्यांना चार्जरही वेगळाच लागतो. खेळण्यात किंवा माऊसमध्ये ते चालतील. बाहेरच्या कामासाठी मी ते बाजूला ठेवले.

उरले ते कमी उतरणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल. २००५ साली सान्योने एनेलूप या नावाने ते बाजारात आणले. आता ते पॅनासॉनिककडे आहेत आणि इतरही बऱ्याच कंपन्या असे सेल बनवतात. नीट ठेवले तर वर्षभरानंतरही बहुतेक चार्ज शिल्लक राहतो. यातही दोन प्रकार दिसले: एक साधारण २००० एमएएचचा, दुसरा २५००चा. मोठ्या आकड्याकडे हात आधी जातो. पण २५००वाल्याची चार्ज होण्याची आवर्तनं बरीच कमी असतात. एनेलूपचंच पाहिलं तर साध्या सेलला कंपनी २१०० आवर्तनं सांगते आणि जास्त क्षमतेच्या सेलला ५००. माझं जीपीएस २०००च्या जोडीवर पूर्ण दिवस चालतं, मग त्या जादा पाचशेसाठी आयुष्य कमी का करायचं? डबल एचे आठ आणि डोक्याच्या टॉर्चसाठी ट्रिपल एचे सहा सेल घेतले. आणखी एक गोष्ट, जी आधी कुणी सांगितली नव्हती: काही जास्त क्षमतेचे सेल किंचित जाडे असतात. मैत्रिणीचा असा एक सेल टॉर्चच्या नळीत अडकला, तो पक्कड लावून काढावा लागला.

चार्जर निवडायला मात्र मी सेलपेक्षा जास्त वेळ दिला, आणि तो द्यायलाच हवा असं माझं ठाम मत आहे. तीन गोष्टी पाहिल्या. प्रत्येक खाच स्वतंत्र असावी, म्हणजे तीन सेलची टॉर्चही नीट सांभाळता येते. प्रवाह आपल्याला ठरवता यावा. आणि सेल डिस्चार्ज करून त्याची खरी क्षमता मोजता यावी.

प्रवाहाची बाब मला आधी उलटी वाटायची. जितकं हळू तितकं सेलला बरं, अशी समजूत होती. पण चांगला चार्जर सेल भरल्याचं ओळखतो ते व्होल्टेजच्या एका बारीकशा उतारावरून. चार्ज होताना व्होल्टेज चढत जातं आणि सेल भरला की काही मिलिव्होल्टने खाली येतं. प्रवाह फार कमी ठेवला तर हा उतार इतका पुसट होतो की चार्जरच्या नजरेतून निसटतो आणि तो सेल भरतच राहतो. फार जास्त ठेवला तर सेल तापतो. मी डबल एला ७०० मिलिअँपिअर आणि ट्रिपल एला ३०० ठेवते.

पहिल्यांदा चार्ज करताना मी शेवटचा अर्धा तास समोरच बसून राहिले. १.४५, १.४६, मग बराच वेळ १.४८. सेलवर बोट ठेवलं तर इतका वेळ गार असलेलं आवरण कोमट व्हायला लागलं होतं. आत येणारी वीज साठायची थांबली की तिची उष्णता होते, हे वाचलं होतं. आता ते बोटाला कळत होतं. पडद्यावर आकडा १.४७ झाला आणि त्या खाचेचा दिवा बदलला. शेजारचा सेल तेव्हाही चढतच होता, त्याला आणखी अकरा मिनिटं लागली. जुन्या चार्जरने या दोघांना एकाच क्षणी सोडून दिलं असतं.

मग सगळ्यांची मोजणी केली. नवे आठही डबल ए सेल १९३० ते १९९० एमएएचच्या दरम्यान भरले. २७०० छापलेल्या जुन्या चौघांचे आकडे मात्र २११०, १८५०, १२४० आणि ९०५. चार्ज-डिस्चार्जची तीन आवर्तनं दिल्यावर १२४०वाला १६००पर्यंत आला, टीव्हीच्या रिमोटला तेवढं पुरे. ९०५वाला ढिम्म हलला नाही, तो ई-कचऱ्यात दिला.

नव्या सेलवर मार्करने क, ख, ग, घ अशी जोड्यांची अक्षरं घातली. जोडी एकत्रच चार्ज होते, एकत्रच वापरली जाते, आणि पिशवीत नेहमी प्लास्टिकच्या डबीत राहते, कारण सुट्या सेलला किल्ली लागली तर शॉर्ट व्हायला वेळ लागत नाही. भरलेल्या सेलचं टोक डबीत वर, रिकाम्याचं खाली. अंधारात बोटानेही समजतं.

जीपीएसच्या सेटिंगमध्ये सेलचा प्रकार निवडायचा असतो, तिकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. तिथे 'अल्कलाइन' होतं. निकेलवाला सेल बहुतेक वेळ १.२ व्होल्टवरच चालतो, त्यामुळे तो चांगला भरलेला असतानाही यंत्र त्याला अर्धा समजत होतं. आता प्रकार बरोबर निवडला आहे. तरी हा सेल शेवटपर्यंत एकाच पातळीवर राहून मग झपाट्याने खाली येतो, म्हणून मी खुणेपेक्षा तासांवर विसंबते. थंडीच्या मुक्कामी डबी स्लीपिंग बॅगमध्ये, कुशीत.

लांबच्या भटकंतीसाठी यूएसबीवर चालणारा दोन खाचांचा छोटा चार्जर ठेवला आहे. १०,००० एमएएचच्या पॉवरबँकेत सुमारे ३७ वॉट-तास असतात आणि आमच्या एका जोडीत ४.८. कागदावर सात जोड्या निघतात, पण एकातून दुसऱ्यात जाताना बरीच वीज वाया जाते, मी तीनच धरते. सौर पत्रा मी या चार्जरला थेट लावत नाही. ढग आला-गेला की काही चार्जर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात आणि भरत आलेला सेल उगाच रगडला जातो. पत्र्यावरून आधी पॉवरबँक, मग सेल.

'घ' जोडी मी मुद्दाम वापरली नाही. चार्ज करून, तारीख लिहून कप्प्यात ठेवली. गेल्या आठवड्यात सहा महिने झाले म्हणून मोजली: एक १७२०, दुसरा १७३५. मैत्रिणीला लगेच फोन केला. ती म्हणाली, "मग आता वर्षभर ठेव." पुन्हा भरून, नवी तारीख घालून ठेवली आहे.