रेंजची वही: २४ युनिटवरून ७७ वर जाताना

पहिला आठवडा

तर शेवटी ठरलं, जुनी इलेक्ट्रिक गाडी बदलायची. २०१३ची हॅचबॅक आहे, २४ युनिटची बॅटरी (किलोवॅट-अवरला मी युनिटच म्हणतो, मीटरवर तेच असतं आणि डोक्यात पटकन बसतं). परवा ओबीडी डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं छोटं उपकरण) लावून बघितलं तर एसओएच, म्हणजे नवीन असतानाच्या तुलनेत बॅटरी किती उरली तो आकडा, ६८ टक्के. म्हणजे उरले सव्वासोळा, आणि त्यातले खरंच वापरता येतात जेमतेम साडेचौदा युनिट. गावात १०० ते ११० किलोमीटर निघतात, हायवेला ९०च्या स्पीडने १००च्या आसपास, आणि थंडीत हीटर लावला की ७० धरून चालायचं.

रोजच्या जाण्यायेण्याला ही आजही पुरते, खोटं कशाला बोलू. अडचण एकाच रस्त्याची आहे. आई-बाबांचं घर आमच्यापासून २२८ किलोमीटर, महिन्यातून एकदा तरी जाणं होतं, आणि मागच्या थंडीत शेवटच्या टप्प्यात जे झालं त्याने हा निर्णय घेतला असं म्हटलं तरी चालेल. ११ किलोमीटर बाकी, स्क्रीनवर ६ टक्के, हीटर बंद केलेला, त्यामुळे काच आतून धुरकट होतेय आणि बायको दर दोन मिनिटांनी रुमालाने माझ्या समोरची काच पुसतेय, मागे मुलगा जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावून गप्प बसलाय, आणि मी एका ट्रकच्या मागे ६०ने चाललोय कारण त्याच्या आडोशाला वारा कमी लागतो. पोचलो तेव्हा टक्के जवळजवळ शून्यावर होते. आई दारातच, "एवढा उशीर का रे?" म्हणून. तेव्हा लक्षात आलं की एवढा वेळ गाडीत कोणी एक शब्द बोललं नव्हतं.

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं: डोक्यात हिशोब न करता आई-बाबांकडे पोचायचं. किती किलोमीटरची रेंज पाहिजे ते यावरून काढू, ब्रोशरवरून नाही.

दुसरा-तिसरा आठवडा, सगळा आकडेमोडीत गेला

ब्रोशरवरचा डब्ल्यूएलटीपीचा आकडा (ठरावीक टेस्टमधे एका चार्जवर मिळालेली रेंज) नेमका कशाचा असतो ते आधी नीट समजून घेतलं. ती टेस्ट रोलरवर होते, ३० मिनिटं, साधारण २३ किलोमीटर, तापमान २३ डिग्री, आणि थांबे धरून सरासरी स्पीड ४६.५. मधे थोडा वेळ १३१ पर्यंत जातात पण तो तुकडा छोटा. म्हणजे छान हवेत गाव आणि गावाबाहेरचा मिसळ रस्ता असेल तर हा आकडा बऱ्यापैकी खरा निघतो, पण माझ्या रस्त्यावर सलग दोन तास ११०-१२०ने चालवायचं असतं, तिथे त्याचा उपयोग फक्त एका गाडीची दुसरीशी तुलना करायला.

हवेचा विरोध स्पीडच्या वर्गाने वाढतो. ९०चे १२० केले की तेवढा भाग जवळजवळ १.८ पट होतो. टायरचा विरोध मात्र फारसा हलत नाही, म्हणून एकूण खर्च तेवढा वाढत नाही. माझ्या जुन्या गाडीचे मी स्वतः लिहून ठेवलेले आकडे: ९०ला १०० किलोमीटरमागे १३.९ युनिट, ११०ला १७.२, आणि १२० एकदाच करून बघितलं, १९.४.

हीटरचा हिशोब मला फार उशिरा समजला, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो. हीटर किलोमीटरवर खात नाही, तासावर खातो. जुन्या गाडीत हीट पंप नाही, साधी कॉइल आहे, ती गारठ्यात ४ किलोवॅट ओढते. ९०ने चालत असाल तर १०० किलोमीटरमागे साडेचार युनिट जास्त. पण तुम्ही ट्रॅफिकमधे ३०ने सरकत असाल तर तोच हीटर १०० किलोमीटरमागे १३ युनिट खातो, म्हणजे गाडी ओढायला लागते तेवढंच! म्हणजे त्या रात्री मी ट्रकमागे हळू चालवून जे वाचवत होतो त्यातलं बरंचसं हीटर चालू असता तर त्यानेच खाल्लं असतं. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणतो, त्यामुळे तेवढ्याच उबेला बरीच कमी वीज लागते. हां, फार कडक थंडीत त्याचा फायदा कमी होतो. तरी यादीत ‘हीट पंप पाहिजेच’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या.

मग माझं सूत्र बनवलं, साधं आहे. वापरता येणारे युनिट घ्या, पोचताना १० टक्के शिल्लक ठेवायचे म्हणून ०.९ ने गुणा, थंडी-पाऊस-१२०चा स्पीड धरून वाईटात वाईट खर्चाने भागा. आणि गाडी दहा वर्षं ठेवायची असेल तर उत्तराचे ८० टक्केच धरा, कारण बॅटरी तेव्हा आजच्यासारखी नसणार. माझ्या जुन्या गाडीला पॅक थंड ठेवायची काही सोयच नव्हती, आता लिक्विड कूलिंग असतं त्यामुळे इतकी घसरण होऊ नये, पण मी ८० वरच ठाम आहे.

पहिली नजर होती ह्युंदाईच्या कोना इलेक्ट्रिकवर, ६५.४ युनिटवाली. डब्ल्यूएलटीपी ५१४, मला वाटलं झालं काम. सूत्रात ६४ युनिट टाकले, उंच एसयूव्हीसारखा आकार म्हणून वाईट दिवसाचा खर्च २३.५ धरला. आले २४५ किलोमीटर. दहा वर्षांनी १९६. माझा रस्ता २२८. नवीन असताना कशीबशी जाईल आणि काही वर्षांनी परत तीच ६ टक्क्यांवाली रात्र. कागदावर ५१४ दिसत असताना हे मान्य करायला मला दोन दिवस लागले.

मग ह्युंदाईचीच आयोनिक ६. तिची ७७.४ युनिटवाली बॅटरी, त्यातले मी ७४ वापरायचे धरले. बॉडी एकदम निमुळती, ड्रॅगचा गुणांक (आकारामुळे हवा किती अडते त्याचं माप, जितका कमी तितका चांगला) ०.२१, म्हणून वाईट दिवसाचा खर्च २१ धरला. ३१७ किलोमीटर, दहा वर्षांनी २५४. पास!

यातला खरा फरक बघा. वापरता येणारी बॅटरी कोनापेक्षा साधारण १५ टक्के मोठी आहे पण रस्ता जवळजवळ ३० टक्के जास्त मिळतो. उरलेलं सगळं आकाराचं काम. लोक बॅटरीचे युनिट विचारतात, आकाराचं कोणी विचारत नाही. चाकांचं आणि मोटरचं तर त्याहून कोणी विचारत नाही: याच गाडीला याच बॅटरीवर मागच्या चाकांची मोटर आणि १८ इंची चाकं असतील तर डब्ल्यूएलटीपी ६१४, आणि चारही चाकं ओढणारं २० इंची मॉडेल घेतलं तर ५१९. दिसायला २० इंची भारी दिसतात हे मलाही मान्य आहे, मुलगा तर त्याच्यावरच अडून बसला होता, त्याला वही दाखवली.

बीवायडी सीलचाही विचार बराच केला. ८२.५ युनिट, एलएफपी केमिस्ट्री (लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल), म्हणजे १०० टक्के भरायला मागेपुढे बघायला नको आणि भरण्या-उतरण्याच्या सायकल भरपूर. एलएफपीची एकच गोष्ट सवयीची, तिचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात सपाट असतं त्यामुळे गाडीला नेमके किती टक्के राहिले ते ओळखणं कठीण जातं, म्हणून अधूनमधून पूर्ण भरून हिशोब जुळवून घ्यावा लागतो. कमी टक्क्यावर आकड्यावर विश्वास ठेवण्याचा मी जरा धसका घेतलाय, एवढ्यासाठीच ती दोन नंबरला गेली. तुमचा रस्ता वेगळा असेल तर ती एक नंबरला येऊ शकते, गाडी म्हणून मला मनापासून आवडली.

पाचवा आठवडा, चार्जिंग

इथे माझं मत बदललं. आधी वाटायचं की पोचण्याइतकी रेंज असली की फास्ट चार्जिंगचं काय करायचंय. पण वर्षातून दोनदा लांबचा प्रवास असतोच, ६०० किलोमीटरच्या वर, आणि तिथे मोठ्या बॅटरीपेक्षा २० मिनिटांत किती किलोमीटर परत मिळतात ते जास्त कामाचं.

पीक किलोवॅट (चार्जिंगचा कमाल वेग) बघू नका, तो काही मिनिटांचाच असतो. १० ते ८० टक्के किती मिनिटांत, ते बघा. पोतं भरताना कसं सुरुवातीला घमेल्याने भराभर ओतता येतं आणि शेवटी दाबून दाबून थोडं थोडं घालावं लागतं, सेलचं तसंच, व्होल्टेज वरच्या मर्यादेला टेकलं की करंट कमी करत न्यावा लागतो. म्हणून ८०च्या पुढे चार्जरवर बसून राहण्यात अर्थ नाही, पुढचा चार्जर गाठायला ते लागणारच असतील तरच. आयोनिक ६ आणि तिची भावंडं ८०० व्होल्टची आहेत, ३५० किलोवॅटच्या चार्जरवर १० ते ८० साधारण १८ मिनिटांत. म्हणजे सुमारे ५४ युनिट, सरासरी १८० किलोवॅट. १०० किलोमीटरला १८ युनिट धरले तर तीनशे किलोमीटर, चहा पिऊन येईपर्यंत. कोनाला त्यालाच ४० मिनिटांच्या आसपास लागतात. अर्थात तुमच्या रस्त्यावर ५० किलोवॅटचेच चार्जर असतील तर ८०० व्होल्ट असून नसून सारखंच, तेव्हा आधी रस्ता बघा.

थंड बॅटरीचं एक सांगायचं राहिलं. एक गाडी दोन दिवस भाड्याने घेतली होती, रात्रभर गारठ्यात उभी होती, सकाळी तशीच चार्जरला लावली तर ३५ किलोवॅटच्या वर जाईना. बिघाड काही नव्हता. थंड सेलमधे जोरात करंट घुसवला तर लिथियम ॲनोडमधे (भरताना ते जिथे साठतं तो सेलचा भाग) मुरायच्या ऐवजी त्याच्यावर थर धरून बसतं आणि सेल कायमचा खराब होतो, म्हणून गाडी स्वतःच हात आखडता घेते. दुसऱ्या दिवशी नेव्हिगेशनमधे चार्जर टाकून निघालो, गाडीने वाटेतच बॅटरी गरम केली, तेव्हा १००च्या वर गेली. प्रीकंडिशनिंग यादीत, दोन रेघा.

आठवा आठवडा

सेकंडहँडच बघत होतो. पहिली बघितलेली गाडी (मॉडेल सांगत नाही) विकणाऱ्याने फोटो पाठवला होता, एसओएच ९४. जागेवर जाऊन माझा डोंगल लावला, आकडा ९४च होता, पण मी बॅटरी मुद्दाम १५ टक्क्यांपर्यंत उतरवून आणायला सांगितली होती आणि तिथे एक सेल बाकीच्यांपेक्षा ९० मिलीव्होल्टने खाली. भरलेल्या बॅटरीवर असा सेल लपून राहतो, तळाला गेल्यावर बाहेर येतो. एसओएच हा गाडीने लावलेला अंदाज आहे, सेलचं व्होल्टेज हे मोजमाप आहे. नमस्कार करून परत आलो. चार तासांचा प्रवास फुकट गेला पण वाईट वाटलं नाही.

दुसरी होती आयोनिक ६, दोन वर्षांची, मागच्या चाकांची मोटर, १८ इंची चाकं. १४ टक्क्यांवर सगळे सेल दोन शतांश व्होल्टच्या आत. फास्ट आणि स्लो चार्जिंगच्या नोंदी बघितल्या, बरंचसं घरीच भरलेलं. दाराच्या रबरापासून टायरच्या तारखांपर्यंत सगळं बघितलं, बायको म्हणाली, "आता घे रे बाबा, तो माणूस कंटाळला." घेतली.

जुनी बहिणीकडे गेली. तिचं ऑफिस १४ किलोमीटरवर आहे, तिला ६८ टक्के म्हणजे चंगळ. तिला फक्त एवढं सांगितलं की घरच्या मीटरवर जेवढे युनिट दिसतील तेवढे बॅटरीत जात नाहीत, साधारण दहावा हिस्सा चार्जर आणि वायरमधे उष्णता होऊन जातो, नाहीतर पहिल्याच महिन्यात फोन आला असता.

अकरावा आठवडा

पहिली खेप झाली. २२८ किलोमीटर, १८ डिग्री, कोरडा रस्ता, ११०-१२०, एसी ऑटोवर. निघताना १०० टक्के, सरासरी १७.८ युनिट, पोचताना ४५ टक्के. वाटेत मुलाने त्याची गाणी लावली आणि दोघं मायलेक पूर्ण रस्ताभर भांडत होते कोणतं लावायचं त्यावरून, मी टक्के बघितले ते एकदाच, टोलनाक्याच्या रांगेत.

तक्त्यातला एक रकाना अजून रिकामा आहे: शून्य डिग्रीच्या जवळ, पाऊस, १२०. तिथे मी २१ धरलेत. थंडी येऊ दे, भरतो.