एलएम३८८६चा ॲम्प घरी केला, जास्त वेळ हम शोधण्यात गेला

गाणी ऐकायचा नाद जुना, सोल्डरिंगचा त्यामानाने नवा. रेडीमेड ॲम्प (गाण्याचा सिग्नल स्पीकर वाजवण्याइतका मोठा करणारा ॲम्प्लिफायर) घ्यायचा की स्वतः करायचा हा प्रश्न बरेच दिवस डोक्यात होता, शेवटी म्हटलं करून तर बघू, आणि एलएम३८८६ ही ॲम्पची चिप घेतली. ११ पायांची एकच आयसी, आतच ओव्हरलोड आणि गरम होण्यापासून प्रोटेक्शन, डेटाशीटमध्ये (कंपनीच्या माहितीपत्रकात) पूर्ण सर्किट दिलेलं. ±२८ व्होल्टवर ४ ओहमच्या स्पीकरला ६८ वॅट देते असं लिहिलंय. घरच्या खोलीत एवढे वॅट कुणाला लागतात देव जाणे, पण पुढे ते कळलंच, सांगतो.

बोर्ड भरणं हा सगळ्यात सोपा भाग, खरंच सांगतो. गेन, म्हणजे सिग्नल किती पट मोठा होतो ते, ठरतो दोन रेझिस्टरवर, २०के (२० हजार ओहम) आणि १के घेतले की २१ पट. ही आयसी १० पटीच्या खाली नीट चालत नाही, ऑसिलेट व्हायला लागते (स्वतःच सिग्नल तयार करत बसते), त्यामुळे फार कमी करायला जाऊ नये. दुसरी लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे ८ नंबरची पिन, म्युटची (आवाज बंद ठेवणारी). त्यातून थोडा करंट निगेटिव्ह सप्लायकडे जावा लागतो, तरच आवाज सुरू होतो. मी २२के लावलाय. बरेच जण ही पिन मोकळी सोडतात आणि मग आयसी डेड आली म्हणून विक्रेत्याशी भांडतात. आणि हो, हीच आयसी दोन प्रकारांत मिळते, टीएफ प्रकारातली पूर्ण प्लॅस्टिकमध्ये असते पण साध्या टी प्रकारातलीच्या पाठीचा पत्रा निगेटिव्ह सप्लायला जोडलेला असतो, म्हणजे हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्यावर) बसवताना मधे अभ्रकाचा वॉशर हवाच, आणि स्क्रूलासुद्धा इन्सुलेटिंग बुश.

पॉवर सप्लायला १८-०-१८ व्होल्टचा टोरॉइड (कड्याच्या आकाराचा ट्रान्सफॉर्मर) घेतला. एसीचं डीसी केल्यावर १८ गुणिले १.४१४ म्हणजे साधारण २५ व्होल्ट, ब्रिजमध्ये (डीसी करणाऱ्या डायोडमध्ये) थोडं जातं, पण लोड नसताना मीटरवर त्याहून जास्तच दिसतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, ट्रान्सफॉर्मर लोडशिवाय असाच वर जातो. दोन्ही बाजूंना १०,००० मायक्रोफॅरडचे कॅपॅसिटर. पहिल्यांदा पॉवर देताना मेनमध्ये सिरीजला जुना तारेचा बल्ब लावला, ही गोष्ट कितीही घाई असली तरी टाळू नका. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, तसाच ढणाढणा पेटत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, आणि तुमची आयसी वाचली. मग स्पीकर न जोडता आउटपुटवर डीसी मोजायचं. माझ्याकडे दोन्ही चॅनेलला २० मिलिव्होल्टच्या आत आलं म्हणजे झकास. इथे व्होल्टभर डीसी दिसत असेल तर स्पीकर लावायचा विचारसुद्धा करू नका.

स्पीकर लावले, गाणं सुरू केलं, आवाज मस्त. गाणं थांबवलं आणि ऐकू आली ती हम, स्पीकरमधली सततची गुणगुण.

आता इथे खरी मजा. सगळे सांगतात ग्राउंडिंग (शून्य व्होल्टच्या तारांची जोडणी) नीट करा, पण नीट म्हणजे काय ते कुणी सांगत नाही. मला जे उपयोगी पडलं ते म्हणजे आधी इनपुट शॉर्ट करून (त्याची दोन टोकं जोडून) बघणं. इनपुट शॉर्ट असतानाही आवाज येत असेल तर दोष डब्याच्या आत, आणि फक्त लॅपटॉप किंवा प्लेयर जोडल्यावरच येत असेल तर ग्राउंड लूप (दोन उपकरणांची ग्राउंड दोन वाटांनी जोडली जाऊन झालेलं वेटोळं). माझ्याकडे दोन्ही होते, हात धुऊन मागे लागले होते म्हणा ना. दुसरं म्हणजे आवाजाची जात ओळखायची. ५० हर्ट्झच्या सप्लायवर गोल, मऊ, खर्जातली घूं असेल तर ती ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून नाहीतर लूपमधून येते, आणि खरखरीत १०० हर्ट्झची भुणभुण असेल तर ती ब्रिजमधून कॅपॅसिटर चार्ज होताना जे करंटचे झटके जातात त्यांची. हे झटके ज्या तारेतून जातात त्याच तारेवर सिग्नलचं ग्राउंड टांगलं की ते थेट गाण्यात येतात. म्हणून दोन्ही कॅपॅसिटरच्या मधला जोड जाड तारेने वेगळा केला, त्यापासून थोडं पुढे एकच स्टार पॉइंट, आणि स्पीकरची परतीची तार, बोर्डाचं पॉवर ग्राउंड, इनपुटचं ग्राउंड अशा सगळ्या वेगवेगळ्या तारा तिथेच आणल्या. भुणभुण गेली.

राहिली घूं. टोरॉइडचा बोल्ट सैल करून त्याला हळूहळू फिरवत कान स्पीकरला लावून बसलो (घरातल्यांना वाटलं याचं काहीतरी बिनसलंय), एका कोनात ती जवळजवळ नाहीशी होते. एसीच्या तारा एकमेकींना पीळ देऊन बसवल्या, इनपुटची शिल्डेड वायर त्यांच्यापासून लांबून नेली. लॅपटॉपच्या लूपसाठी सिग्नल ग्राउंड आणि मुख्य ग्राउंडच्या मधे १० ओहमचा रेझिस्टर. डब्याला मेनचं अर्थिंग मात्र थेट आणि घट्ट, हम जावी म्हणून अर्थिंगची पिन काढून टाकणारे महाभाग आहेत, त्यांच्या नादी अजिबात लागू नका, धातूच्या डब्यात मेन शिरलं की जिवाशी खेळ.

आता वॅटचं. रोज ऐकतो त्या व्हॉल्यूमला ५० हर्ट्झची साइन (एकाच सुराचा टेस्ट सिग्नल) लावून स्पीकरवर एसी मोजलं तर २ व्होल्टसुद्धा भरेना. ८ ओहमला २ व्होल्ट म्हणजे अर्धा वॅट! ठोक्याला किंवा ड्रमला क्षणभर जास्त लागतं हे मान्य, पण दुप्पट पॉवर म्हणजे फक्त ३ डीबी (कानाला थोडासाच मोठा आवाज), त्यामुळे ६८ की ३० या वादात मला आता काही रस उरला नाही. फरक पडला तो शांततेने. तंबोऱ्याच्या रेकॉर्डिंगमध्ये आधी हम मिसळून जायची, आता तारेचा झंकार विरेपर्यंत ऐकू येतो, गायक श्वास घेतो तोही. काही जुन्या रेकॉर्डिंगमध्ये हम मूळचीच आहे हेही कळलं, आधी मी उगाच माझ्या डब्याला शिव्या घालायचो.

पुढे लिन्सले हूड या ब्रिटिश डिझायनरचा १९६९चा १० वॅटचा क्लास ए ॲम्प (ज्यात आउटपुट ट्रान्झिस्टर कायम चालू असतात) करायचाय. चार ट्रान्झिस्टरचं साधं सर्किट वाटतं पण गाणं वाजो न वाजो सतत तापत राहतो, म्हणून आधी मोठे हीटसिंक शोधतोय.