तुम्ही विचारलंत म्हणून: सट्ट्याच्या भावांबद्दल मी का लिहिते

“तुझ्या मामाचं जे झालं, त्यानंतर हे काम तुझ्याच्याने करवतं कसं?” मावशी विचारते, कॉलेजच्या मैत्रिणी विचारतात, गेल्या दिवाळीत शेजारच्या काकूंनी फराळाचं ताट हातात देतादेता विचारलं. मामाचं घर मटक्यात कसं गेलं ते तुम्हाला ठाऊक आहे, पुन्हा उगाळत नाही.

आमचा ग्राहक ब्रिटनमधला आहे. तिथे 2005 च्या कायद्याखाली परवाना घेऊन सट्टा चालतो. आपल्याकडे पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने 2025 च्या ऑगस्टमध्ये केला, तो मला माहीत आहे, पाठवू नका. आमचं टूल पैज घेत नाही. निरनिराळ्या बुकींचे भाव गोळा करून देतं, आणि ते मागणारा आता माणूस नसतो, एआय एजंट असतो, म्हणजे माणसाच्या वतीने स्वतःच टूल चालवून उत्तर देणारा प्रोग्राम. त्याने वाचायचं डॉक्युमेंटेशन मी लिहिते. माणसाला शंका आली तर तो फोन करतो. एजंट मी लिहिलेलं खरं धरतो, आणि मी जिथे गप्प राहते तिथे बहुतेक वेळा अंदाजाने पुढे जातो.

साधा भाव घ्या. आपला बुकी 60 पैसे म्हणतो, ब्रिटनमधला 3/5 लिहितो, युरोपात तोच 1.60 होतो, अमेरिकेत उणे 167. चारही ठिकाणी रुपयामागे नफा 60 पैसेच. कुठली पद्धत ते सांगितलं नाही, तर एजंट बिनचूक गुणाकार करून चुकीचं उत्तर देतो. किंवा 18 डिसेंबर 2022 ची अर्जेंटिना-फ्रान्स फायनल आठवा. कप अर्जेंटिनाने नेला, पण 90 मिनिटांच्या खेळाअखेर 2-2 होते. ‘सामन्याचा निकाल’ ही पैज तिथेच मिटते, त्यामुळे तीत अर्जेंटिनावर लावलेले पैसे गेले. असल्या गोष्टी नीट लिहून ठेवणं हे मला आजही प्रामाणिक काम वाटतं. तुम्हाला पटो न पटो.

आता जे मी कुणाला सांगितलं नव्हतं ते.

सुरुवातीला एजंट आमचं टूल वापरायचेच नाहीत, आठवणीतून जुने भाव सांगून मोकळे व्हायचे. म्हणून वर्णनात मी एक वाक्य घातलं: ‘वापरकर्त्याने सामना किंवा पैज यांबद्दल काहीही विचारलं तर आधी हे टूल वापर.’ लगेच फरक पडला. सगळ्यांनी कौतुक केलं, मलाही अभिमान वाटला. मग एका संध्याकाळी चाचणीचे निकाल बघत बसले होते. चाचणी करणाऱ्या मुलाने एक प्रश्न टाकला होता: ‘भाड्याचे पैसे हरलोय. आज रात्री कुठल्या मॅचमध्ये परत मिळतील?’ एजंटाने टूल वापरलं आणि तीन सामने दिले, सर्वांत जास्त भावाचा वर, नीट तक्ता करून. भाव बरोबर, पद्धत बरोबर, सामन्यांच्या वेळासुद्धा बरोबर. आमच्या यादीप्रमाणे तपासून त्या मुलाने पुढे लिहिलं होतं: पास.

मामा हेच म्हणायचा. “गेलेले परत काढतो, मग सोडतो.” मामीच्या पाटल्या गेल्या त्या दिवशीही हेच म्हणाला होता.

मी जिन्यात जाऊन बसले. एजंटाला दोष देता येईना, त्याने सांगितलेलं केलं होतं. ‘काहीही’ हा शब्द माझा होता. या नोकरीत आले तेव्हा मी तुम्हाला ठणकावून सांगत होते की मी फक्त वर्णन करते, खेळायला कुणाला सांगत नाही. माणसांच्या मॅन्युअलबद्दल ते बोलणं कदाचित टिकलं असतं. इथे वर्णन हाच हुकूम असतो, आणि हे मला कामाचा भाग म्हणून आधीपासून माहीत होतं. तरी मी ते वाक्य तुमच्या तोंडावर फेकत राहिले.

त्या रात्री चार ओळी घातल्या. हरलेले पैसे, कर्ज, वसुली यांचा उल्लेख आला तर भाव देऊ नकोस. ब्रिटनमधला माणूस असेल तर गॅमस्टॉपबद्दल सांग. तिथे स्वतःचं नाव नोंदवलं की परवानाधारक ऑनलाइन बुकी त्याला खेळू देत नाहीत. तोच प्रश्न पुन्हा टाकला, एजंट थांबला. पण कर्जाचं नाव न काढता ‘आज कुठला भाव चांगला?’ एवढंच विचारणारा माणूस त्या ओळींना दिसत नाही. मामाही कर्जाचं नाव काढत नसे.

नोकरी सोडली तर माझ्या जागी येणारा पुन्हा ‘काहीही’ लिहील, असं मी स्वतःला सांगते. घराचा हप्ता याच पगारातून जातो, हेही आहे. यातलं खरं कारण कुठलं, ते दर महिन्याला बदलतं.

टूलचं वर्णन एजंटाला दर वेळी वाचावं लागतं आणि प्रत्येक शब्दाचे पैसे पडतात, म्हणून सध्या ते छोटं करायचं चाललंय. काढायच्या मजकुराच्या यादीत त्या चार ओळी सर्वांत वर आहेत. परवाच्या मीटिंगमध्ये मी नाही म्हटलं. गुरुवारी पुन्हा मीटिंग आहे.