जन्माचेच ख्रिस्ती, मग नवा जन्म कशाला?

गेल्या पोळ्याला तोरणाखाली बैल धरून उभे होतो, तेव्हा तुम्ही विचारलंत, "भाऊ, तुमी तं आज्यापासूनचे ख्रिस्ती. मंग चर्चच्या भितीवर लिवलेला तो नवा जन्म तुमाले कायले पायजे?" हा प्रश्न मला आठवडी बाजारात, लग्नाच्या पंगतीत, पुष्कळ ठिकाणी विचारला जातो. तिथं दोन वाक्यांत सांगून मोकळा होतो. तुम्हाला मात्र नीट सांगायचंय, कारण माझी ती सात वर्षं तुम्ही शेजारच्या वावरातून पाहिलीत.

आधी एक सांगतो, हा पुनर्जन्म नव्हे. मेल्यावर दुसऱ्या देहात येणं आम्ही मानत नाही. हा जन्म याच देहात, श्वास चालू असताना व्हायचा असतो. नाव किंवा पोशाख बदलणं हेही ते नव्हे. लोकांच्या डोळ्यांपुढे बहुधा रेव्हरंड टिळक असतात. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या प्रवाशानं त्यांच्या हाती नवा करार दिला आणि पुढे १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथं अलीकडचं आणि पलीकडचं आयुष्य लख्ख वेगळं दिसतं. माझा बाप्तिस्मा झाला तेव्हा मी आईच्या कडेवर होतो. आमची मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियातली. १९७० साली नागपुरातच हे चर्च स्थापन झालं, तेव्हा तान्ह्या लेकरांना बाप्तिस्मा देणारे आणि मोठेपणी स्वतःच्या विश्वासावर देणारे, दोघंही त्यात एकत्र आले. म्हणजे तुमचा प्रश्न आमच्या घरातलाही जुनाच आहे.

"तुम्हांला नव्याने जन्मले पाहिजे" हे भिंतीवरचं वचन योहानाच्या शुभवर्तमानातलं, तिसऱ्या अध्यायातलं. येशूनं ते कोणाला सांगितलं ते पाहा. दारुड्याला नाही, चोराला नाही. निकदेमाला. तो परूशी होता, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथातला, यहूद्यांचा अधिकारी होता, शास्त्र शिकवणारा होता, आणि रात्री येऊन भेटला होता. त्याच्याइतका जन्माचा धार्मिक माणूस शोधून सापडला नसता, आणि जन्म घे असं येशू सांगतो ते त्यालाच. तोही गोंधळला. म्हाताऱ्या माणसानं पुन्हा आईच्या पोटात कसं शिरायचं, असं त्यानं विचारलं.

मूळ ग्रीकमध्ये तिथं 'अनोथेन' हा शब्द आहे. त्याचे अर्थ दोन, 'नव्याने' आणि 'वरून'. निकदेमानं पहिला धरला. मीही कितीतरी वर्षं तोच धरून बसलो होतो.

आपल्या कोरडवाहू रानातलंच सांगतो. मृगात सरकी टोबली, पावसानं ताण दिला, अंकुर करपले की दुबार पेरणी. वावर तेच, हात तेच, कर्ज तेवढं नवं. मी नव्या जन्माला दुबार पेरणी समजत होतो. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत दरवर्षी ठरवायचो, आता राग सोडायचा. जानेवारीत धुऱ्यावर, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधावर, पाय पडला की करपायचं.

राग कोणाचा, ते तुम्हाला ठाऊक आहे. मोठ्या भावाशी दीड हात धुऱ्यावरून बिनसलं. मोजणी झाली, खुणा रोवल्या, बोलणं बंद झालं. आई गेली तेव्हा पेटी आम्ही एकाच बाजूनं धरली, तो पुढे, मी मागे, आणि कबरस्तानापर्यंत एक शब्द नाही. त्याच वर्षांत मी मंडळीत शास्त्रपाठ वाचत होतो. प्रभुभोजनाला हात पुढे करत होतो.

मग दोन वर्षांपूर्वीचा जून. भावाची सरकी निघाली आणि करपली. तो एकटाच दुबार टोबत होता, वाकून, कंबरेवर हात ठेवत. मी धुऱ्यावरच्या बाभळीखाली उभा राहून ते पाहिलं आणि मला बरं वाटलं. आपल्याच भावाची करपलेली तासं पाहून मला बरं वाटलं. तो आनंद ओळखला तसा मी घाबरलो. रागावलेला माणूस मी बरेचदा पाहिला होता स्वतःत, मेलेला त्या दिवशी पाहिला. तिथंच खाली बसलो. या वेळी काही ठरवलं नाही. देवाला म्हटलं, माझ्याच्यानं हे होत नाही, आत काही जिवंत उरलं नाही, तूच दे. बियाणं आपण विकत आणतो, पाऊस कोण आणतो?

उजेड पडला नाही, आवाज आला नाही. संध्याकाळी उरलेली सरकीची थैली घेऊन त्याच्या दारात गेलो एवढंच. "चुकलो" म्हटलं. वहिनीनं पाणी दिलं. भाऊ बाजेवरून उठला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी थैली माझ्या ओट्यावर परत आलेली होती.

तुम्ही म्हणाल, मग बदललं काय? राग आजही येतो. पण पूर्वी राग धरून मी दोन वेळ पोटभर जेवायचो, आता घास उतरत नाही. मेलेल्या बोटाला काटा टोचला तर कळत नाही, माझ्या बोटाला आता कळतं. निकदेम पुढे दोनदा दिसतो. एकदा न्यायसभेत येशूच्या बाजूनं चाचरत एक वाक्य बोलतो, आणि शेवटी त्याच्या प्रेताला लावायला गंधरस आणि अगरू घेऊन येतो. मधे कोणत्या दिवशी तो नव्याने जन्मला, हे योहान सांगत नाही. मला त्या न सांगण्याचा फार आधार वाटतो.

धुरा आहे तिथंच आहे. या पोळ्याला भावाची जोडी माझ्या जोडीशेजारी उभी होती, ते तुम्ही पाहिलंत. माझ्या बैलाची झूल घसरत होती, ती त्यानं न विचारता आवळून बांधली. मग तोरणाकडे पाहतच म्हणाला, "वरच्या वावरात अजून पाणी साचून हाय. उद्या ये, चारी काढू."