परलोकातली महिनाअखेर

इसेकाई, म्हणजे दुसऱ्या जगात जाऊन पडायच्या जपानी ॲनिमेशन मालिका (ॲनिमे), त्यांचा साचा एव्हाना पाठ झालाय. एकलकोंडा पोरगा ट्रकखाली सापडतो, डोळे उघडतो तो थेट दुसऱ्या जगात. समोर देवी, पदरात वरदान, हवेत तरंगणारा गुणांचा तक्ता. तिसऱ्या भागापर्यंत स्वारी राजाची जावई व्हायच्या बेतात. त्या जगात कपडे कोण धुतं, संध्याकाळच्या जेवणाचे पैसे कुठून येतात, असल्या क्षुद्र चौकशा कुणी करत नाही.

'हाइ तो गेन्सो नो ग्रिमगार' मात्र त्याच करत बसतो. जूमोंजी आओच्या कादंबऱ्यांवर ए-वन पिक्चर्सने २०१६ साली काढलेली ही १२ भागांची मालिका. इथे माणसं अंधारात जागी होतात तेव्हा नावापलीकडे फारसं काही आठवत नाही. ऑर्टाना गावात पोट भरायचा सरळ मार्ग एकच, स्वयंसेवक सैन्यात भरती. हातावर टेकवतात चांदीची १० नाणी. कसब शिकायचं तर गिल्डचं, म्हणजे त्या-त्या पेशाच्या संघाचं, सात दिवसांचं शिक्षण ८ नाण्यांचं. उरली २. त्यात राहणं, खाणं, हत्यार. आणि उमेदवारी संपवून पक्क्या सैनिकाचा बिल्ला घ्यायचा तर तो फुकट नाही, २० चांदी मोजायची! म्हणजे नोकरी मिळवायलाच आधी कमाई हवी. हे गणित आपल्याकडच्या पोरांना समजावून सांगायला नको.

दणकट गडी दुसऱ्याच टोळीने आधीच उचललेले असतात. उरलेल्या सहा जणांची आपली ही टोळी. गोब्लिन या खुज्या राक्षसाशी त्यांची पहिली गाठ बघण्यासारखी आहे. समोर एकटा गोब्लिन, हे सहा, म्हणजे पाच मिनिटांचं काम. पण तो मरायलाच तयार नसतो. वार बसला तरी उठतो, किंचाळतो, जिवाच्या आकांताने उलटून येतो. यांचे हात कापतात, नेम चुकतो, एकमेकांची वाट अडते. गोब्लिन संपतो तेव्हा जल्लोष नसतो. कुणाला रडू येतं, कुणाला धाप लागलेली असते. मग त्याच मेलेल्याची थैली चाचपायची, कारण आजचं जेवण त्यातच आहे. इतर मालिकांत अशी शंभर मुंडकी उडतात आणि आपण चहा पीत बघतो.

खरी मेख आहे ती मंत्राच्या हिशेबात. (चौथा भाग न पाहिलेल्यांनी इथून पुढे जपून.) मानातो हा टोळीचा पुरोहित. नेता तोच, मंत्राने जखमा बऱ्या करणारा तोच, आणि वेळप्रसंगी पुढे होऊन काठी चालवणाराही तोच. कुणाला खरचटलं की लगेच धावणार. सगळ्यांना वाटतं, काय गुणी माणूस! पण पुरोहिताची शक्ती म्हणजे घरातला एकुलता सिलिंडर. संपत आलाय हे बाहेरून दिसत नाही. पळताना त्याच्या पाठीत घाव बसतो, आणि बाकीच्या पाचांपैकी एकालाही जखम भरायचा मंत्र येत नाही. बिचारे उचलून गावात आणतात, पण उपयोग होत नाही.

त्याच्या जागी येते मेरी. तुसडी, मोजकं बोलणारी. टोळीतला वात्रट रांता ओरखडा दाखवून उपचार मागतो, ती ढिम्म हलत नाही. लढाईत पुढे येत नाही, पाठीमागे उभी राहते. टोळी वैतागते, प्रेक्षकही. मग कळतं की जुन्या टोळीत तीही मानातोसारखीच होती: प्रत्येक बारीक जखमेवर मंत्र. सायरीनच्या खाणीत नेमक्या वेळी शक्ती संपली आणि तिचे तिघे सोबती गेले. म्हणजे जो तुसडेपणा वाटतो तो खरं तर अनुभवी पुरोहिताचा काटकसरीचा शहाणपणा. मागे उभं राहायचं, कारण पुरोहित पडला तर सगळेच पडले. किरकोळ जखमेला मंत्र नाही. हा नियम कुणी भाषण ठोकून समजावत नाही. एकाच कामाची दोन माणसं आणि दोन पद्धती समोर ठेवल्या आहेत, हिशेब आपण जुळवायचा. पात्र उभं करायचं तर असं.

गुणांइतकेच दोष. रांताचा वात्रटपणा आणि मुलींच्या अंगावरून रेंगाळणारा कॅमेरा, हे दोन्ही नसते तर काही बिघडलं नसतं. एरवी जलरंगासारखी पार्श्वभूमी इतकी देखणी, की त्या जागी ही चावट नजर जास्तच खुपते. गाणी लावून नुसती दिनचर्या दाखवणारे लांबलचक तुकडेही अनेकांना कंटाळवाणे वाटतात. टोळीतला मोगुझो लाकूड कोरतोय, कुणी धुणं वाळत घालतंय. ते कापले असते तर मानातोचं जाणं मात्र निम्म्यानेही लागलं नसतं.

ही माणसं तिथे आली कशी, आठवणी गेल्या कुठे, याचं उत्तर १२ भागांत मिळत नाही. पुढचा हंगाम निघाला नाही. उत्सुकता टिकलीच तर कादंबऱ्या आहेत; फक्त तिथला सूर पुढे आणखी काळवंडत जातो, आणि पैशांची ओढाताण काही सुटत नाही.