माझा अनुभव : मोडी गहाणखताची तारीख आणि पाच महिने

आमच्या घरी तांबड्या रुमालात बांधलेले २३ मोडी कागद होते. त्यांचं देवनागरीत लिप्यंतर करून घेताना सगळ्यात मोठं अडलं ते एका गहाणखताच्या तारखेपाशी. पाच महिने वाट पाहून लिप्यंतर हातात आलं आणि त्यात त्या कागदाखाली ‘नोव्हेंबर १७९२’ लिहिलेलं होतं. ते साफ चूक होतं, जवळजवळ १४ वर्षांनी. मजकूर जवळजवळ सगळा बरोबर वाचलेला, आणि कागद कधीचा हेच चुकलेलं! याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून तारखेबद्दल सविस्तर लिहिते.

मूळ कागदावर होतं : ‘छ २२ रबिलावल सन सबा मयातैन व अलफ’. ‘छ’ म्हणजे चंद्र, त्याच्यापुढे मुसलमानी महिन्याचा दिवस. सबा म्हणजे ७, मयातैन २००, अलफ १०००. एकूण १२०७. इथवर लिप्यंतरकारांचं बरोबर होतं. पुढे त्यांनी महिना मुसलमानी आहे म्हणून सनही हिजरी धरला. हिजरी १२०७ म्हणजे इसवी १७९२-९३, तिथून नोव्हेंबर १७९२ आला.

पण पेशवाईतल्या कागदांवर असा अरबी शब्दांत लिहिलेला सन शुहूर असतो. त्यातला दिवस आणि महिना चांद्र, वर्ष मात्र सौर. सूर्य मृग नक्षत्रात शिरला की हे वर्ष बदलतं, म्हणजे जूनच्या सुरुवातीला, पेरणीच्या तोंडावर. म्हणून त्याला मृगसाल असंही म्हणतात. शुहूर सनात मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपतचं साल घेऊन पडताळा : ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६१, लढाई जानेवारीतली, म्हणून ११६१ अधिक ६००, बरोबर १७६१. महसुलासाठी वापरला जाणारा फसली सनही दख्खनेत मृगालाच सुरू होतो, पण त्यात ५९०-५९१ मिळवावे लागतात. म्हणजे १२०७ हा एकच आकडा हिजरी धरला तर १७९२-९३, फसली धरला तर १७९७-९८ आणि शुहूर धरला तर १८०६-०७. कागदावर कोणता सन आहे हे ठरवल्याशिवाय बेरीज करू नका.

मी १८०६-०७ वर आले आणि तिथे दुसरी मेख निघाली. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, शुहूर वर्ष ३६५ दिवसांचं. त्यामुळे शुहूर वर्षाच्या आरंभी आलेल्या दहाअकरा चांद्र तारखा त्याच वर्षाच्या शेवटी पुन्हा येतात. १२०७ सालात २२ रबिलावल दोनदा पडतो, एकदा जून १८०६ मध्ये आणि एकदा मे १८०७ च्या अखेरीस. नुसत्या जंत्रीने, म्हणजे तारखा जुळवायच्या कोष्टकाने, याचा निकाल लागत नाही. कागदावर वार असेल तर वारावरून लागतो, माझ्या कागदावर वार नव्हता.

निकाल लावला त्याच रुमालातल्या दुसऱ्या कागदाने. त्याच शेताची फारखत, म्हणजे व्यवहार मिटल्याचा कागद होता, ‘शके १७२८ क्षयनाम संवत्सरे, फाल्गुन’. शकात ७८ मिळवा, जानेवारीपासून पुढचा दिवस असेल तर ७९. म्हणून हा फाल्गुन १८०७ मधला. आकडा पुसट असेल तर संवत्सरावरून ताडून पाहा : शकात १२ मिळवून ६० ने भागायचं, बाकी उरेल तो साठ संवत्सरांपैकी पहिल्या, प्रभवापासून मोजलेला संवत्सर. १७२८ अधिक १२ म्हणजे १७४०, बाकी शून्य, म्हणून साठावा, क्षय. जुळलं. १८०७ च्या फाल्गुनात फारखत झाली, तर गहाण त्याच्या आधीचं असणार. म्हणजे जून १८०६. हे कळलं तेव्हा दोन्ही कागद शेजारी ठेवून किती तरी वेळ बघत बसले होते.

म्हणून सांगते, एका व्यवहाराचे कागद लिप्यंतराला सुटे सुटे देऊ नका. मी ‘महत्त्वाचे तीन आधी’ म्हणून फारखत मागे ठेवली, ती माझी चूक. आणि देताना स्पष्ट लिहून द्या : ओळीला ओळ हवी, सारांश नको, न लागलेल्या अक्षराच्या जागी टिंबं द्यावीत, अंदाज नको, तारीख आधी मूळ शब्दांत आणि इसवी तारीख खाली वेगळी, कोणता सन धरला त्यासकट. दर पानावर की ओळीवर, तेही आधीच ठरवा. मुदत लेखी घ्या. मी घेतली नव्हती, म्हणून ‘पुढच्या आठवड्यात’ हे पाच महिने ऐकलं.

मूळ कागद कुणाकडेही ठेवू नका, फोटो द्या. खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, शेजारी फूटपट्टी ठेवून काढा. पाठची बाजू काढायची विसरू नका. पत्र असेल तर मागे ‘पौ’ लिहून वेगळी तारीख असते, ती पैवस्तीची, म्हणजे कागद पोचल्याची. लांब कागद तुकडे चिकटवून केलेला असला तर जोडावर मागून शिक्का सापडू शकतो.

थोडी मोडी स्वतःला येत असली तर लिप्यंतर तपासता येतं. आधी ओळभर रेघ ओढून तिला अक्षरं लटकवलेली असतात, शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. उभ्या दोन रेघा नीट बघा. अक्षरापुढे आल्या तर तो संक्षेप, क॥ म्हणजे कसबे, प॥ म्हणजे परगणे. आकड्यापुढे आल्या तर अर्धा, २॥ म्हणजे अडीच. एक रेघ पाव, तीन रेघा पाऊण. माझ्या गहाणखतात ३७॥ रुपये होते आणि लिप्यंतरात ३७ आले होते.

कागद उघडण्याबद्दल हे खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत घड्या उलगडू नका, कागद घडीवरच तुटतो. अर्धवट उघडून वर स्वच्छ सुती कापड आणि त्यावर जाड पुस्तक ठेवून रात्रभर राहू द्या, मग पुढची घडी. पाणी अजिबात लावू नका, काजळीची शाई फिसकटते. अक्षरांवर चमचमणारे कण दिसतात ती शाई सुकवायला टाकलेली वाळू आहे, ती घासून काढू नका. सेलोटेप लावू नका, त्याचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो. आणि लॅमिनेशन तर कधीच करू नका. गरम करून चिकटवलेलं प्लॅस्टिक कागदाला इजा न होता सुटत नाही. आमच्यातला एक कागद असा कुणीतरी ‘टिकावा म्हणून’ करून ठेवलेला आहे, त्याच्या पाठीवरची शाई आता धड वाचता येत नाही.

बांधायला धुऊन खळ काढलेलं मांजरपाट वापरा, कारण खळीला कसर लागते. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट हवा कोंडते. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं नको, पावसाळ्यात तिथे ओल उतरते. गहाणखत आणि फारखत मी आता एकाच रुमालात ठेवली आहेत, सोबत वेगळ्या चिठ्ठीवर दोन्ही तारखा, मूळ शब्दांत आणि इसवीत, पेन्सिलीने लिहून.