अंग बाहेर येतंय म्हणून लगेच पिशवी काढायची? माझा अनुभव

लिहू का नको असं बरेच दिवस चाललं होतं, पण आमच्या पोळीभाजी केंद्रातल्या एकीने परवा जे सांगितलं त्यानंतर म्हटलं आता लिहायचंच.

मी ५१ वर्षांची, कोथरूडला राहते, दोन मुलं, दोन्ही बाळंतपणं नॉर्मल, पहिल्या वेळी चिमटा लावावा लागला होता. त्रास सुरू झाला तो ठसक्यापासून. सकाळी मोठ्या कढईत मिरचीची फोडणी पडली की सगळ्यांनाच ठसका लागतो, पण मला ठसका लागला की थेंब थेंब लघवी व्हायची, मग शिंकताना व्हायला लागली, मग कणकेची परात उचलताना. ओट्याला धरून पाय आवळून उभी राहायचे आणि पॅड लावून दिवस काढायचे. रिक्षात प्रत्येक स्पीडब्रेकरला धडकी भरायची. म्हणून पाणीच कमी केलं, ते चुकलं माझं, लघवी घट्ट होऊन जळजळ वाढली आणि पोटही साफ होईना. त्यात संध्याकाळपर्यंत खाली जड जड वाटायचं आणि एक दिवस आंघोळ करताना हाताला मऊ गोळा लागला. मी थरथरत बाहेर आले, म्हटलं गाठ आहे. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "अगं अंग बाहेर येतंय, होतं बायकांना, मी वीस वर्षं काढलीच की." वीस वर्षं! एका घरात राहून मला पत्ता नाही.

पहिल्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत सांगितलं, पिशवी काढून टाका, आता तिचा काय उपयोग, आणि तारीखही दिली. ह्यांनीच आग्रह धरला की आणखी एका ठिकाणी दाखवू.

दुसऱ्या मॅडमनी झोपवून तपासलं, उभं करून खोकायला लावलं, लघवी आणि शुगर तपासली, आणि तीन दिवस वही लिहायला दिली, किती प्यायलं, किती मिली लघवी झाली, कधी गळली. वहीमुळे कळलं की मी दिवसाला सहा कप चहा पिते. मग त्यांनी ओंजळ करून दाखवली, खाली स्नायूंची अशी झोळी असते, तिच्यावर मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय सगळं टेकलेलं असतं, बाळंतपणात ती ताणते, पाळी गेली की अजून सैल होते. तुमचं अंग दुसऱ्या ग्रेडचं आहे म्हणाल्या (ग्रेड म्हणजे ते किती खाली आलंय त्याची पायरी), आणि नुसती पिशवी काढली तर झोळी घट्ट होणार नाही, गळणंही थांबेलच असं नाही. हे मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

त्यांनी फिजिओथेरपीला पाठवलं. मला वाटायचं केगल, म्हणजे ह्या झोळीचे स्नायू आवळायचा व्यायाम, येतो मला, मोबाईलवर बघून सहा महिने करत होते. फिजिओ ताईंनी ग्लोव्ह घालून, मला विचारून, आत बोट ठेवलं आणि आवळा म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "ताई, तुम्ही खाली ढकलताय." सहा महिने उलटंच करत होते मी! वारा अडवतो तसं आवळायचं आणि तसंच आत वर उचलायचं, पोट, मांड्या, कुल्हे ढिले ठेवायचे, श्वास रोखायचा नाही. पहिल्या दिवशी जेमतेम तीन सेकंद धरता आलं, दहापर्यंत जायचं होतं. आठ ते दहा वेळा, दिवसातून तीनदा, आणि मध्ये ढिलं सोडणंही तितकंच महत्त्वाचं. लघवी करताना मध्येच अडवून हा व्यायाम करायचा नाही हेही त्यांनी बजावलं. खोकला येतोय असं वाटलं की आधी आवळायचं, मग खोकायचं. परात उचलतानाही तसंच. तीन आठवड्यांत काहीच फरक नाही म्हणून रडले मी त्यांच्यासमोर, त्या म्हणाल्या तीन महिने द्या. दहाव्या आठवड्यात फोडणी पडली, ठसका लागला, आणि मी कोरडी होते. लगेच ह्यांना फोन केला.

गोळ्यासाठी सिलिकॉनची रिंग बसवली, पेसरी म्हणतात. पहिली लहान पडली, निसटली, दुसरी नीट बसली. ती मी स्वतः काढते, साबण पाण्याने धुते, परत बसवते, सुरुवातीला भीती वाटली पण चार-पाच वेळा केल्यावर हात बसला. शिवाय आतली त्वचा कोरडी पडलेली म्हणून आठवड्यातून दोनदा इस्ट्रोजेन क्रीम, चहा दोन कप, आणि कमोडवर बसताना पायाखाली छोटं स्टूल, कुंथायचं नाही.

ऑपरेशनबद्दलही सगळं विचारून घेतलं. झोळी शिवून घट्ट करता येते, गळण्यासाठी मूत्रमार्गाखाली पट्टी बसवतात. अंग वर धरायला योनीमार्गातून बसवायच्या जाळीची विक्री अमेरिकेत २०१९ ला बंद करायला लावली, म्हणून जाळीचं नाव निघालं तर फायदे-तोटे नीट विचारा. मला सध्या ऑपरेशन नकोय, पुढे लागलं तर करीन.

आता त्या परवाच्या गोष्टीबद्दल. आमच्याकडे पोळ्या लाटणारी ती, वय ३३, तिलाही अंग येतंय आणि तिलाही पिशवी काढायची तारीख मिळालीय. अजून एक मूल हवंय तिला. पिशवी ठेवून ती वर बांधून घ्यायची ऑपरेशन्स आहेत, त्यातली दोन तर मुंबईच्या डॉ. पुरंदरे आणि डॉ. शिरोडकर यांच्याच नावाने ओळखतात, हे तिला कुणी बोललंच नाही. तिची तारीख पुढे ढकलायला लावलीय मी. मंगळवारी केंद्र दुपारी बंद ठेवून तिला मॅडमकडे घेऊन जातेय, सासूबाई पण येतो म्हणाल्यात.